‘हजर शे’: नववीतल्या एका मुलाचं प्रकरण

हे लिहायला मुलाची आणि त्याच्या आईवडिलांची संमती आहे. गाव, काही तारखा आणि घरातले बारकावे बदलले आहेत. मुलाला मी इथे बापू म्हणते. हे त्याचं खरं नाव नाही, घरात हाक मारायचं नावही नाही. पण खानदेशाच्या बाजूला दर दोन घरांआड एक बापू असतोच, तेव्हा कुणी शोधायला निघालं तरी हाती काही लागायचं नाही.

पार्श्वभूमी

बापूचं गाव नाशिक जिल्ह्याच्या कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातलं. वडिलांची डाळिंबाची बाग होती. तेल्या रोग आला, दोन बहार हातचे गेले. तिसऱ्या वर्षी त्यांनी झाडं उपटून टाकली आणि नाशिक गाठलं. अंबडच्या एका कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागले. काम तीन पाळ्यांत, साप्ताहिक सुट्टी शनिवारी. सिडकोत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आई पहाटे साडेचारला उठून अठरा डबे करते. आजी गावीच राहिली.

सातवीपर्यंत बापू गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होता, वर्गात पहिल्या तिघांत. आठवीला त्याला शहरातल्या एका नावाजलेल्या सेमी-इंग्रजी शाळेत घातलं. घरात सगळे अहिराणी बोलतात. सिडकोत अहिराणी ऐकून कुणी मान वळवत नाही, तिकडून आलेली कितीतरी कुटुंबं इथे आहेत. पण ही शाळा सिडकोतली नव्हती.

पहिली भेट

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सहामाही परीक्षा तोंडावर असताना, आई त्याला समुपदेशनासाठी माझ्याकडे घेऊन आली. बापू तेव्हा नववीत होता, वय चौदा. खुर्चीत बसायच्या आधीच आई म्हणाली, “मॅडम, याचं फोनचं व्यसन सोडवा. बाकी पोरगं चांगलं आहे.” रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गेम, सकाळी उठवत नाही, गेल्या परीक्षेत ७८ टक्क्यांवरून ५१ वर आला, दर आठवड्याला एक-दोन दिवस पोटात दुखतं म्हणून शाळा बुडते. बापू खाली मान घालून चपलेचा पट्टा लावत होता, काढत होता.

मी रीतसर मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांची इंटरनेट व्यसनाची चाचणी घेतली. १९९८ पासून वापरात असलेली, वीस प्रश्नांची, जगभर चालणारी. गुण आले १०० पैकी ६८, म्हणजे ‘वारंवार अडचणी’च्या पट्ट्यात. मग त्याच्या फोनमधली वापराची नोंद उघडली आणि मागच्या तीन आठवड्यांचे एकवीस आकडे वहीत उतरवून घेतले. बेरीज केली, एकवीसने भागलं. रोज सरासरी सव्वापाच तास. तो आकडा मी आईला सांगितला. तिने कपाळाला हात लावला आणि माझ्या मते निदान तिथेच झालं.

मग मी जे केलं ते अगदी पुस्तकी होतं. एक करार केला: रोज दीड तास, रात्री दहाला फोन स्वयंपाकघरातल्या फडताळात, आठवड्याला पुन्हा भेट. तिघांच्या सह्या घ्यायच्या होत्या. वडील दुसऱ्या पाळीला होते म्हणून दोघांच्याच घेतल्या.

या एका भेटीत माझ्या हातून तीन गोष्टी राहिल्या. मुलाशी एकट्याने बोलले नाही. नैराश्याची चाचणी घेतली नाही, कारण तक्रार फोनची होती. आणि वडिलांना शनिवारी बोलावण्याऐवजी त्यांच्याशिवाय करार उरकला. तिसरी चूक आठवड्याभरातच अंगाशी आली.

काय बिघडलं

चौथ्या रात्री वडील पाळी संपवून घरी आले तेव्हा बापू आईच्या फोनवर खेळत होता. कराराचा कागद त्यांनी वाचलाच नव्हता. त्यांना एवढंच कळलं होतं की मॅडमनी फोन बंद करायला सांगितलाय. दोन्ही फोन त्यांनी कंपनीच्या बॅगेत टाकले. आईचा दुसऱ्या दिवशी परत दिला, बापूचा नाही.

नऊ दिवस फोन नव्हता. पहिले दोन दिवस आदळआपट झाली. मग तो गप्प झाला. आईला वाटलं, सुटलं व्यसन. पाचव्या दिवसापासून रात्रीचं ताट तसंच राहू लागलं. सहामाहीचे शेवटचे दोन पेपर त्याने दिलेच नाहीत. दहाव्या दिवशी पहाटे, आई पोळ्या लाटत असताना, ओट्यापाशी येऊन म्हणाला, “मी नसतो तर तुम्हाला गावीच राहता आलं असतं.” तिने लाटणं ठेवलं आणि मला फोन लावला. सात वाजायचे होते. साडेनऊला ती दोघं दारात होती. त्या दिवशी डबे शेजारणीने पोचवले.

हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णयबिंदू. त्या सकाळी फोनचा विषय बाजूला ठेवला. आईला बाहेर बसवलं आणि बापूला आधीच सांगितलं: तू जे सांगशील ते इथेच राहील, फक्त जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर घरच्यांना सांगावं लागेल. किशोरांसाठीची नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी, पीएचक्यू-ए, घेतली. २७ पैकी १७, म्हणजे मध्यमहून तीव्र. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. तिथे त्याने ‘काही दिवस’वर बोट ठेवलं. पुढे थेट विचारलं तेव्हा कळलं की इच्छा अधूनमधून येते, पण काही ठरवलेलं नाही, तयारी नाही. थेट विचारल्याने मुलाच्या डोक्यात नवा विचार घुसतो अशी भीती पालकांना असते. तसं होत नाही. उलट विचारल्यावर त्याचे खांदे खाली आले.

त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांची वेळ मिळवली. आईला घर सुरक्षित ठेवण्याबद्दल सांगितलं, रात्री कुणी ना कुणी त्याच्या खोलीत झोपेल असं ठरलं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फडताळाच्या दारावर चिकटवला. तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो.

वही पुन्हा उघडली

पुढच्या भेटीत काय विचारायचं हे ठरवताना मी जुनी वही काढली. एकवीस आकडे समोर होते. सरासरी न काढता ते कॅलेंडरवर मांडले, आणि स्वतःचीच लाज वाटली.

पहिल्या आठवड्यातले चार दिवस, गुरुवार ते रविवार, गणपतीत गावी गेलेले. रोज चाळीस मिनिटांच्या आसपास. उरलेले दोन रविवार, सव्वादोन तास. बाकीचे पंधरा दिवस, सगळे शाळेचे, पावणेसात तास आणि त्याहून जास्त. सगळ्यात वर सोमवार. फोन रात्री बारानंतरचा वापर दुसऱ्या दिवसाच्या खात्यात टाकतो, म्हणजे सोमवारचा तो आकडा अर्धाअधिक रविवारच्या रात्रीचा होता.

आईला विचारलं, गावी रेंज नसते का? “असते की, चांगली असते.” रविवारी वडील घरी असतात म्हणून वापर कमी होत असेल का? नाही, त्यांची सुट्टी शनिवारी. शनिवारी वडील घरात असूनही फोन जोरात, कारण सकाळी शाळा.

ज्या मुलाचा फोनवरचा ताबा सुटलाय, त्याला सुट्टीत, धाक नसताना, चाळीस मिनिटं पुरत नाहीत. हे सगळं पहिल्या दिवसापासून माझ्या वहीत होतं. मी ते एकवीसने भागून टाकलं होतं.

बापूला एवढंच विचारलं, “गावी फोनची गरज का नाही लागली?”

“तठे आजी शे ना,” तो म्हणाला. अहिराणीतलं ‘शे’ म्हणजे ‘आहे’. आणि झटकन ओठ मिटून माझ्याकडे पाहू लागला. मी हसते का ते बघत होता. एवढ्या वर्षांत मी मुलांच्या चेहऱ्यावर पुष्कळ भीती पाहिली आहे, पण एका क्रियापदाची भीती पहिल्यांदाच पाहिली.

मग हळूहळू बाहेर आलं. आठवीच्या जुलैत हजेरी चालू असताना सवयीने त्याच्या तोंडून गेलं, “हजर शे, सर.” वर्ग हसला. सरही हसले, वाईट हेतूने नसेल. दुसऱ्या दिवशी त्याचा नंबर आला तेव्हा मागच्या बाकावरून त्याच्या आधीच कुणीतरी ओरडलं, “हजर शे!” तेव्हापासून ते त्याचं नाव झालं. मधल्या सुट्टीत, बसच्या रांगेत, पीटीला. दिवाळीनंतर कुणीतरी त्याचा डोळे मिटलेला फोटो कापून खाली ते दोन शब्द टाकले आणि स्टिकर बनवलं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणी काहीही विचारलं, की उत्तरादाखल ते स्टिकर. बापूला फोन मिळाला त्याच डिसेंबरात, अभ्यासाच्या नोट्स गटावर येतात म्हणून. गटात शिरल्यावर पहिल्यांदा दिसला तो स्वतःचाच चेहरा.

छळ, नैराश्य आणि इंटरनेटचा अतिवापर एकाच मुलात सापडतात, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे. पण एकाच वेळी केलेल्या पाहणीतून आधी काय आणि नंतर काय ते सांगता येत नाही. एका मुलापुरतं मात्र ते तारखा विचारून कळतं. इथे हजेरीचा प्रसंग जुलैचा, पोटदुखी ऑगस्टपासूनची, फोन डिसेंबरातला. पोटदुखीची तारीख शाळेच्या हजेरीपटावर होती. तो मी आधीच मागवायला हवा होता.

आणि गेम? त्याच्या चौघांच्या चमूतला म्होरक्या धुळ्याचा, आयटीआयला शिकणारा मुलगा. हेडफोन लावला की पहिलं वाक्य, “कठे शे भो तू?” रात्री एक वाजता आईने पोराला अहिराणीत खळखळून हसताना ऐकलं होतं आणि तिला वाटलं होतं, आजीशी बोलतोय. नऊ दिवस आम्ही जे काढून घेतलं ते हे होतं.

निदान

मनोविकारतज्ज्ञांनी मध्यम ते तीव्र नैराश्य लिहिलं, गेमिंगचा विकार लिहिला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, पण त्यासाठी ताबा सुटणं आणि साधारण बारा महिने तेच चालू राहणं लागतं. ‘इंटरनेटचं व्यसन’ असा वेगळा आजार त्यात नाहीच. गणपतीतल्या चार दिवसांनी ताब्याचा प्रश्न निकालात काढला होता.

फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध कमी मात्रेत सुरू झालं. या गटातल्या औषधांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये इशारा छापायला लावला आहे: लहान वयात, सुरुवातीच्या आठवड्यांत, मरणाचे विचार वाढू शकतात. म्हणून पहिले दोन महिने दर आठवड्याला तपासणी झाली. वडिलांनी एकदाच विचारलं, “वेड्याच्या डॉक्टरकडं न्यायची वेळ आली का, मॅडम?” मी त्यांना तेल्याचं उदाहरण दिलं नाही. द्यायचा मोह झाला होता. तेच थोड्या वेळाने म्हणाले, “फवारणी वेळेवर नाही केली तर काय होतं ते मला कळतं.”

समोरचे पर्याय

वडिलांचं मत होतं, फोन कायमचा बंद. नऊ दिवसांचा अनुभव ताजा होता, त्यामुळे ते स्वतःच मागे हटले.

आईचं म्हणणं, गावी आजीकडे पाठवावं. हे मला जवळजवळ पटलं होतं. आकडेही तेच सांगत होते, गावी मुलगा बरा असतो. पण बापू म्हणाला, “लोक म्हणतील, शहरातून हाकलून दिला.” शिवाय उपचार आणि दर आठवड्याची तपासणी इथे होती, गावाहून ते जमलं नसतं. आम्ही मार्चपर्यंत थांबायचं ठरवलं. बापूचं नंतर बरं झालं, पण त्यावरून हा निर्णय बरोबर होता असं म्हणायला मी तयार नाही. गावी तो लवकर सावरला असता, असंही शक्य आहे.

तिसरा पर्याय सायबर पोलिसांकडे तक्रार. स्टिकर बनवणारेही चौदा-पंधरा वर्षांचे. आईवडिलांनी स्क्रीनशॉट तारखांसकट जपून ठेवले आणि आधी शाळेला एक संधी द्यायचं ठरवलं.

शाळेशी बोलायचं की नाही, हा सगळ्यात कठीण भाग. बापूचा ठाम नकार होता: “सांगितलं की जास्त करतात.” त्याचं चुकीचं नव्हतं. दोन भेटी मी त्यावर काहीच केलं नाही. तिसऱ्या भेटीत प्रश्न बदलला. शाळेत सांगू का, असं न विचारता, शाळेत नेमकी कोणती एक गोष्ट बदलली तर तुझी सकाळ सोपी जाईल, असं विचारलं. त्याने बराच विचार केला. “हजेरी बोलून घेऊ नये.”

शाळा

मुख्याध्यापक सहृदय होते आणि घाईत होते. पहिल्या बैठकीत वर्गशिक्षक म्हणाले, “मॅडम, पोरं चेष्टा करणारच. आम्हालाही चिडवायचे.” नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी छळ ओळखायला तीन खुणा सांगितल्या आहेत: दुखावण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा होणं आणि ताकदीतली तफावत. मी सरांना इतकंच विचारलं, चिडवाचिडवीत कधी बापूही कुणाला चिडवतो का? आणि हे वर्षातून किती दिवस होतं? हजेरी तर रोजच होते. सर गप्प झाले. पहिल्या दिवशी आपणही हसलो होतो, हे त्यांना तेव्हा आठवलं असावं.

सगळं नीट ठरलं असं वाटून मी निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांनी परिपाठात वीस मिनिटं भाषण केलं: बोलीभाषांचा अभिमान, बहिणाबाईंची कविता, कुणालाही हिणवू नका. नाव घेतलं नाही, पण नववीच्या रांगेतल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. त्या आठवड्यात स्टिकरच्या जोडीला नवं बिरूद आलं: ‘बहिणाबाई’. बापू तीन दिवस शाळेत गेला नाही आणि माझ्याकडे आल्यावर फक्त म्हणाला, “सांगितलं होतं.”

हे माझ्यामुळे झालं. काय करायचं ते बैठकीत ठरलं होतं, काय करायचं नाही ते ठरलं नव्हतं. आता शाळेच्या पहिल्या भेटीत मी एक कागद देते. त्यावर वरच्या बाजूला लिहिलेलं असतं: परिपाठात विषय काढू नये, दोन्ही बाजूंच्या मुलांना समोरासमोर बसवू नये, माफी वर्गासमोर मागायला लावू नये. भांडणात मध्यस्थी चालते. जिथे एक बाजू चाळिसांची असते, तिथे समोरासमोर बसवणं म्हणजे त्या एकट्याला पुन्हा व्यासपीठावर उभं करणं.

दुसऱ्या वेळी कामं छोटी ठेवली. वर्गशिक्षक नावं न पुकारता, नुसतं बाकांकडे बघून हजेरी मांडू लागले. सगळ्या वर्गाची, कारण न सांगता. स्टिकर बनवणाऱ्या तिघांच्या पालकांना वेगवेगळ्या दिवशी बोलावलं. एकाच्या वडिलांनी आवाज चढवला, दोघांनी मुलाचा फोन तिथेच उघडून बघितला. वर्गाचा गट बंद झाला, सूचना शिक्षकांच्या एकतर्फी गटावर येऊ लागल्या. हसण्यात सामील नसलेल्या दोन मुलांना सरांनी विज्ञान प्रकल्पात बापूबरोबर घातलं. त्यातला एक पाथर्डी फाट्याचा, त्याच्याच सिटीलिंक बसने येणारा. यात मोठं काहीच नव्हतं. रोज सकाळचे हजेरीचे ते दहा सेकंद टळले, एवढंच.

घर आणि फोन

फोन परत दिला. वडिलांना हे पटायला दोन शनिवार लागले. गेम बंद न करता वेळ बांधली: चमू जमतो ती साडेआठ ते दहा. अट होती की आईने एकदा त्या धुळ्याच्या मुलाशी बोलायचं. ती बोलली आणि दोघांचे मामा एकाच गावचे निघाले. फोटो पाठवायचे नाहीत, पैसे भरायचे नाहीत, कुणी चमूबाहेर भेटायला बोलावलं तर घरी सांगायचं, हे बापूकडूनच वदवून घेतलं. साडेदहाला घरातले तिन्ही फोन फडताळात, डब्यांच्या शेजारी. तिन्ही म्हटल्यावर वडील थोडे कुरकुरले.

संध्याकाळी घराबाहेर पडायचं एक कारण हवं होतं. आईने भाजी त्याच्याकडे सोपवली: रोज पवननगरच्या बाजारातून दुसऱ्या दिवशीच्या डब्यांची भाजी, भाव करून. पहिल्या आठवड्यात तीनदा गिलकी जून निघाली. आईला मी सांगितलं होतं की बोलायचं नाही. ती बोलली नाही, पण ताटात ती भाजी त्यालाच वाढली.

कुठवर आलं

जानेवारीत नैराश्याचे गुण ८ होते, मार्चमध्ये ६. मरणाच्या प्रश्नावर शून्य. इंटरनेटच्या चाचणीत ६८ वरून ४४. वार्षिक परीक्षेत ६३ टक्के. ७८ पर्यंत तो परत गेला नाही, वर्गात अजूनही स्वतःहून हात वर करत नाही. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने चालूच आहे. शाळा बदलली नाही.

जूनमध्ये, दहावीच्या क्लासच्या नव्या गटावर, ते स्टिकर पुन्हा आलं. कुणीतरी जपून ठेवलं होतं. बापूने ते आईला दाखवलं, वर्गशिक्षकांना पाठवलं आणि साडेनऊला चमूबरोबर खेळायला बसला. आई मला म्हणाली, “साडेदहाला फोन फडताळात आला, मॅडम. मी तरी रात्री दोनदा उठून बघितलं.”